कमरेएवढं गवत

सफाळ्याच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याला, ह्यांच्या वाटणीला आलेला जमिनीचा एक तुकडा आहे. पुढच्या अंगाला चिकूची झाडं, मागे आंब्याची कलमं, एका कडेला विहीर आणि उरलेलं सगळं गवत. नोकऱ्या होत्या तोवर आम्ही सरावलीला दोन खोल्यांत राहिलो. हे बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आम्ही दोघंही निवृत्त झालो, तेव्हा ह्यांनी इथे पत्र्याचं छप्पर घालून छोटं घर बांधलं आणि आम्ही राहायला आलो.

खरं सांगायचं तर मला यायचं नव्हतं. सरावलीला खाली उतरलं की दूध, भाजी, दवाखाना सगळं होतं. पण आयुष्यभर ह्यांनी बॉयलरची धग सोसली होती. इथे आल्यावर ते उघड्या अंगाने विहिरीवर उभे राहायचे आणि नुसता वारा अंगावर घ्यायचे. ते बघून मी सरावलीचं नाव काढणं सोडलं.

गवत ही गोष्ट तेव्हा माझ्या गावीही नव्हती. पावसाळ्यात ते वाढतं आणि कोणीतरी ते कापतं, एवढंच मला ठाऊक. कापणारे म्हणजे हे, आणि मागच्या पाड्यावरचं एक जोडपं. तिघं विळे घेऊन उतरायचे, मी चहा आणि भाकऱ्या न्यायचे. संध्याकाळी अंगण मोकळं दिसायचं. बस्स.

मग ऐन उन्हाळ्यात एके सकाळी हे विहिरीवर दात घासत असताना तोंडातलं पाणी एका बाजूने गळायला लागलं. हातातला तांब्या पडला. मी धावत गेले तेव्हा ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते आणि त्यातला एक शब्द मला कळत नव्हता. उजवी बाजू गेली. पालघरच्या दवाखान्यात दिवस काढले, पुण्याला मुलीकडे काढले, आणि आषाढ लागल्यावर परत आलो. मुलगी म्हणत होती, इथेच राहा. पण ह्यांनी डाव्या हाताने रोज पिशवी भरायला सुरुवात केली. एकच सदरा त्यात घालायचे, पुन्हा काढायचे. शेवटी मीच म्हटलं, चला.

रिक्षावाल्याने आम्हाला फाटकापाशी सोडलं. फाटक ते घर ही वाटच दिसत नव्हती. गवत गुडघ्याच्या वर आलेलं. ह्यांना एका हाताने धरून, दुसऱ्या हातात पिशव्या, अशी मी ती वाट चालले. त्यांचा उजवा पाय ओढत यायचा आणि त्याला गवत गुंडाळलं जायचं. दर थोड्या अंतरावर थांबून मी वाकायचे, पाय सोडवायचे, पुन्हा उभी राहायचे. घराच्या पायरीवर पोचलो तेव्हा दोघंही तिथेच बसलो. कुलूप उघडायचंही त्राण नव्हतं.

पाड्यावरचं ते जोडपं आता बोईसरला कंपनीत जात होतं. दोघंही. सकाळी नाक्यावर कंपनीची बस यायची, अंधार पडताना सोडायची. त्यातली बायको मला बाई म्हणते, तिचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता म्हणून. सुट्टीच्या दिवशी ती आली, ह्यांच्याजवळ थोडा वेळ बसली, आणि मग पदर खोचून एकटीने दारापुढचं गवत कापून दिलं.

"बाई, आता आमाला नाय जमायचं," ती विळा धुताना म्हणाली. "आठवडाभर उभ्याने पॅकिंग करायचं. सुट्टीला घरचं भात हाय, पोरांचं हाय. तुमी मशीन घ्या."

"मशीन चालवणार कोण?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाड्यावर एकाकडं मशीन हाय. पण तो दिवाळीपत्तोर मोकळा नाय. सगळ्या वाड्यांवर तोच फिरतो."

तिने कापलेलं गवत श्रावण लागायच्या आत पुन्हा होतं तेवढं झालं. मागच्या बाजूला तर कमरेपर्यंत आलं. न्हाणीघराच्या पायरीवर एके दुपारी घोणस होती. मी बादली हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. ती गेली, पण गेली कुठे ते गवतामुळे कळलं नाही, आणि त्या दिवसापासून ह्यांना न्हाणीत नेताना मी आधी काठीने सगळं बडवायचे, मग त्यांना आणायचे.

ह्यांना व्यायाम द्यायला सफाळ्याहून एक तरुण डॉक्टर मोटरसायकलवर यायचा. स्वभावाने चांगला, पण बोलायला फटकळ. एकदा तो फाटकातूनच परत गेला आणि मला फोन केला.

"बाई, वाटेत साप आडवा होता. आधी गवत काढा. नाहीतर मी येणार नाही. मलाही घर आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण व्यायाम थांबला तर हात आखडून जाईल, असं त्यानेच सांगितलं होतं. ती रात्र मी विचार करत काढली आणि सकाळी मुलीला फोन लावला.

मुलीने लगेच ऑनलाइन मागवलं. तिचं तसंच आहे, आईबापांकडे येता येत नाही म्हणून ती वस्तू पाठवते. मोठा खोका आला. खोक्यावर पांढरी पॅन्ट घातलेली एक बाई हिरव्यागार हिरवळीवरून चाकाचं मशीन ढकलत हसत होती. विजेवर चालणारं. ह्यांना खुर्चीत पडवीत बसवलं, वायर लावली आणि मी ढकलायला सुरुवात केली. दोन हात गेलं असेल. मग खालून घुर्र झालं आणि बंद पडलं. उलटं केलं तर पात्याला गवताची वेणी बसलेली. सोडवली, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. जमीन आमची उंचसखल, मध्ये दगड, चाकं एकीकडे आणि पातं दुसरीकडे. वायर तुळशीपर्यंत पोचली आणि संपली. तेवढ्यात वीजही गेली.

मी घाम पुसत मागे बघितलं तर हे हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदा. अर्ध्या तोंडानेच, पण हसत होते. आणि एक शब्द म्हणाले, अगदी स्पष्ट.

"खेळणं."

ते मशीन मी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. त्यावर आता कांद्याची टोपली असते. मुलीला सांगितलं, छान आहे, चालतंय.

मग पालघरला जायचं ठरवलं. तिथे शेतीच्या अवजारांचं एक मोठं दुकान आहे. पाड्यावरच्या एका शेजारणीच्या सासूला ह्यांच्याजवळ बसवलं. निघताना ह्यांनी माझी ओढणी धरली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

"पा... पा..."

"पाणी हवंय?"

मान हलवली. नाही.

"पान? पाठ दुखतेय? पावती?"

प्रत्येक वेळी नाही. चिडून त्यांनी ओढणी सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं. शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर मुलांच्या तोंडातले अर्धे शब्द पूर्ण केले होते. नवऱ्याचा एक शब्द मला पूर्ण करता येत नव्हता. उशीर होत होता. मी निघाले.

दुकानात भिंतीला ओळीने मशीनं टांगलेली. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला पातं. दुकानदाराने माझ्या मागे कोणी पुरुष येतोय का म्हणून दाराकडे बघितलं.

"कोण चालवणार, मॅडम?"

"मी."

"गडी पाठवा ना. त्याला दाखवतो सगळं."

"गडी नाही."

त्याने नाइलाजाने एक मशीन काढलं. पाठीला अडकवायचं. मी ते पाठीवर घेतलं आणि मागे झोक गेला, काउंटरला धरून उभी राहिले. दुसरं खांद्याच्या पट्ट्यावर बाजूला लटकायचं. हे जरा बरं वाटलं. मग तो म्हणाला, एकात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, तेच जास्त खपतं. दुसऱ्यात ऑइल वेगळं घालायचं, मिसळायची भानगड नाही. मिसळण्याचं प्रमाण चुकलं तर इंजिन जाम होतं, हेही त्यानेच सांगितलं. माझ्या डोक्यात आधीच ह्यांच्या गोळ्या होत्या, सकाळच्या, दुपारच्या, जेवणाआधीच्या, जेवणानंतरच्या. आणखी एक प्रमाण लक्षात ठेवायची माझी तयारी नव्हती. मी बिनमिसळण्याचं घेतलं.

"आणि पुढे काय लावू? नायलॉनची तार की लोखंडी ब्लेड?" त्याने विचारलं. "तार लावा तुम्ही. सेफ आहे. पायाला लागलं तरी फार काही नाही."

मी तार म्हटलं.

घरी येऊन मी खोका उघडला. ह्यांनी दांड्याच्या टोकाकडे बघितलं, तारेची ती चकती बघितली, आणि डोळे मिटून घेतले. मग हळूच, तुटक म्हणाले, "पा... तं."

पातं. सकाळी तेच सांगायचं होतं. मी पायरीवर बसले. रडू आलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. "आता काय करू?" म्हटलं, "दोन स्टेशनं परत जाऊ?" त्यांनी डावा हात हलवला. राहू दे, असा.

तारेने कोवळं गवत जायचं, पण भाद्रपदातलं गवत कोवळं नव्हतं. टाकळ्याची खोडं बोटाएवढी जाड झाली होती, तार त्यावर आपटून तुटायची. मला पुढच्या आठवड्यात पालघरला जाऊन पातं आणावंच लागलं. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार.

मशीन सुरू करणं हेही एक प्रकरण होतं. खाली ठेवायचं, रबरी फुगा दाबून पेट्रोल वर आणायचं, चोक द्यायचा, पाय दांड्यावर ठेवून दोरी खेचायची. माझ्या खेचण्याने ते नुसतं खोकायचं. पेट्रोलचा वास पसरायचा. एकदा अर्धी सकाळ दोरी खेचण्यात गेली आणि शेवटी ते सुरूच झालं नाही. रिक्षात घालून बोईसरला नेलं, कारण सफाळ्यातला कारागीर गावाला गेलेला. बोईसरच्या त्या दुकानात एक यूपीकडचा माणूस होता. त्याने प्लग काढला, पुसला, बसवला, एकदा खेचलं, सुरू.

"भाभीजी, आपने पेट्रोल पिला पिला के इसका पेट भर दिया," तो म्हणाला. "चोक बंद करके खींचो."

बाजूच्या बाकावर बसलेले दोन कामगार हसले. मीही हसले. परत येताना रिक्षात त्या मशीनवर हात ठेवून मी झोपून गेले.

हळूहळू जमायला लागलं. जमायला लागलं म्हणजे सुरू व्हायला लागलं. चालवताना काय होतं ते ज्याने चालवलंय त्यालाच ठाऊक. डोळ्यांवर चष्मा, त्याच्या आत घाम. डोक्याला ओढणी, पायात गमबूट. पट्टा खांद्यात रुततो. गवताचा हिरवा लगदा उडून तोंडावर, मानेवर बसतो. कधी बेडूक तुकडे होऊन येतो, तो बघायचा नाही. दगडाला पातं लागलं की दांड्याला असा झटका बसतो की खांद्यापर्यंत कळ जाते. ठिबकच्या नळ्या मी दोन ठिकाणी कापल्या. कढीपत्त्याचं झाड, जे मीच लावलं होतं, ते गेलं. आणि हे सगळं करून मागे वळून बघावं तर कोपऱ्याएवढी जागा झालेली असायची. तेवढ्यात ह्यांची लघवीची वेळ. मशीन बंद, हात धुवा, त्यांना उठवा, न्या, आणा, बसवा. परत पट्टा अडकवा.

त्यात पडवीतून काठी आपटणं. बॉयलरवर आयुष्य गेलेल्या माणसाला इंजिनचा आवाज बदललेला चालत नाही. मशीन जरा दबून चाललं की हे काठी आपटायचे. मला मशीनच्या आवाजात ऐकू यायचं नाही, पण काठी वरखाली होताना दिसायची. मी चुकतेय हे कळायचं, काय चुकतेय ते कळायचं नाही. बंद करून जवळ जाऊन विचारलं तर शब्द सापडायचा नाही. ते चिडायचे, मी चिडायचे. शेवटी मी एक केलं. घराच्या मागच्या बाजूने कापायला सुरुवात केली. तिथून पडवी दिसत नव्हती. काय शांत वाटलं मला.

पुढची वाट मोकळी झाली होती. व्यायामाचा डॉक्टर पुन्हा यायला लागला होता. ह्यांना काठीच्या आधाराने पडवीभर चालता येऊ लागलं होतं. मागचा निम्मा भाग उरला होता, कलमांच्या मधला, आणि तो तसाच राहिला तरी चालेल असं मी मनाशी ठरवत आले होते.

त्या दिवशी सकाळी मी सफाळ्याला गेले. गोळ्या आणायच्या होत्या, आणि पात्याचा नट सारखा ढिला होत होता, तो बदलायचा होता. शेजारणीची सासू तापाने पडली होती. मी ह्यांना खुर्चीत बसवलं, पाणी जवळ ठेवलं, रेडिओ लावला. म्हटलं, आलेच. त्यांनी मान हलवली.

परत आले तर रेडिओ चालू होता आणि खुर्ची रिकामी होती.

आधी वाटलं न्हाणीत गेले असतील. तिथे नव्हते. खाटेवर नव्हते. मग लक्षात आलं, पडवीच्या कोपऱ्यातलं मशीनही नाही. मी हाक मारली. मारताना कळत होतं की हाकेला ओ देणारा आवाज त्यांच्याकडे नाही. चार हातांवरून बोलले तरी मला कान जवळ न्यावा लागायचा.

मी विहिरीकडे धावले. का ते सांगता येत नाही, पण पाय तिकडेच गेले. कठड्याला पोट टेकवून खाली बघितलं. पाणी काळं, स्थिर, त्यात माझं डोकं. कितीतरी वेळ बघत राहिले, कारण बघणं थांबवलं तर दुसरीकडे शोधावं लागणार होतं.

मग मागच्या बाजूला आले. गवत कमरेच्या वर, पिकायला लागलेलं, तुरे आलेले. वाऱ्याने सगळं एकाच बाजूला झुकत होतं. त्यात माणूस आडवा पडला तर दिसत नाही. उभी राहून मी नुसती बघत होते, कुठून आत शिरावं. "अहो," म्हणून ओरडले. पुन्हा ओरडले. मग गप्प राहून ऐकलं.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक.

लोखंडावर दगडाचा आवाज. मी त्या दिशेने घुसले. चपला कुठे गेल्या कळलं नाही. साप हा विचार मनात आला आणि गेला.

दुसऱ्या कलमाच्या खाली ते एका कुशीवर पडले होते. मशीनचा पट्टा मानेत अडकलेला, दांडा पायाखाली. डाव्या हातात दगड. मशीन सुरू झालेलंच नव्हतं. एका हाताने ते सुरू होण्यासारखं नाहीच. ते त्यांनी इथपर्यंत ओढत आणलं कसं, काठीचं काय केलं, मला अजून कळलेलं नाही. रक्त कुठे नव्हतं. पण लाल मुंग्यांनी उजवा हात आणि मान भरून गेली होती. त्या हाताला चावलेलं कळत नसावं. मानेचं कळत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी पट्टा सोडवला, मुंग्या झाडल्या, ओढणीने पुसल्या. मग काखेत हात घालून उचलायला लागले. उचललं गेलं नाही. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. थोडे वर आले आणि आम्ही दोघंही परत खाली आलो. पाड्यावर या वेळेला उचलू शकेल असं कोणी नसतं. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, हलवू नका, मी निघालो.

मग काही करायचंच उरलं नाही. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिथे बसून राहिले. चारी बाजूंनी गवत, वर आंब्याची पानं. बाहेरच्या जगातलं काही दिसत नव्हतं. महिनोन्महिने मी अशी नुसती बसले नव्हते, हे मला त्या वेळी जाणवलं, आणि अशा वेळी असं जाणवावं याचं नवलही वाटलं नाही.

"कशाला आलात इथे?" मी विचारलं.

ते शब्द शोधायला लागले. ओठ हलायचे, थांबायचे. मी वाट बघत होते. मला वाटलं, म्हणतील तू दमतेस. म्हणतील तुझे हाल बघवत नाहीत. बाईमाणसाला वाटतं असं कधीतरी.

"वा... कडं," ते म्हणाले. "वाकडं... कापतेस."

ते गंभीर होते. मग त्यांनी डाव्या हाताने हवेत दाखवलं. उजवीकडून डावीकडे, एका सपाट रेषेत. माझं पातं पुढे जाताना वर उचललं जायचं, म्हणून बुडखे तिरके राहायचे आणि त्यांत पाय अडकायचा. पडवीतून ते हेच सांगत होते, इतके दिवस. आणि पडवीतून मी दिसेनाशी झाले म्हणून आता मशीन घेऊन दाखवायला आले होते.

मला इतका राग आला की मी त्यांचं डोकं मांडीवरून खाली ठेवणार होते. मग हसायला आलं. मग ते हसणं थांबेना आणि त्याचं रडणं झालं. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तोही मुंग्यांनी सुजलेला होता.

डॉक्टर गवतातून ओरडत आला, "बाई, कुठे आहात?" मी उभी राहून हात केला. त्याने चपला, पॅन्ट, साप, कशाचाही विचार न करता आत उडी घेतल्यासारखा रस्ता काढला. हाडं दाबून बघितली, पायाची बोटं हलवायला लावली. मग आम्ही दोघांनी मिळून ह्यांना उठवून बसवलं, आणि बसल्यावरून उभं केलं. पडवीत आल्यावर हात धुताना तो एवढंच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी निदान गोळ्या खाऊन तरी जा." हे खाली बघत होते. शाळेत पकडलेल्या मुलासारखे नाही, आपलं बरोबर होतं अशा माणसासारखे.

त्यानंतर मी मागे एकटी कापायला गेले नाही. खुर्ची बरोबर न्यायला लागले. दगड उडतो म्हणून ती बऱ्याच अंतरावर, झाडाच्या आड ठेवायची, ह्यांना तिथपर्यंत चालवत न्यायचं. काठी आडवी धरली की सपाट. उभी धरली की थांब. एवढ्या दोनच खुणा ठरवल्या. भांडणं थांबली नाहीत. पण बुडखे खरंच सारखे यायला लागले. पातं सपाट ठेवलं की इंजिनही दबत नाही, हे कबूल करायला मला वेळ लागला.

डॉक्टरने डाव्या हाताला काम द्या म्हटलं होतं, म्हणून पातं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळून मी ह्यांच्या हातात कानस दिली. तासभर घासत बसायचे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले आणि मशीन थरथरायला लागलं.

"हे वाकडं घासलंय," मी म्हटलं.

त्यांनी पातं हातात घेतलं, फिरवून बघितलं, आणि परत घासायला बसले.

सगळं गवत काही माझ्याकडून झालं नाही. विहिरीपलीकडचा पट्टा मी हात न लावता सोडला. तो वाळल्यावर गवताच्या वखारीचा माणूस माणसं घेऊन आला आणि कापून घेऊन गेला. ते बघताना मला वाईट वाटलं नाही. दरवर्षी आपणच सगळं केलं पाहिजे असं कुठे आहे? मुलगी दर फोनला विचारते, आता पुण्याला या, किती दिवस करणार? मी म्हणते, बघू. ह्यांना विचारलं तर ते बाहेर बघतात. दोन्ही उत्तरं तिला एकसारखीच वाटत असणार.

यंदाही गवत आलंच आहे. ते काही कोणासाठी थांबत नाही. माझा खांदा आता मशीन उतरवल्यावरही दिवसभर दुखतो, बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. काल कलमांमधली शेवटची ओळ झाली. मी मशीन बंद केलं तेव्हा कान नुसते गुणगुणत होते. ह्यांनी खुर्चीतून काहीतरी म्हटलं.

"काय?"

त्यांनी पुन्हा म्हटलं. ऐकू आलं नाही. मी जवळ गेले, चष्मा वर केला, वाकले.

"चहा," ते म्हणाले.

"करते," म्हटलं. "आधी पात्याला अडकलेलं काढू द्या. वाळलं की निघत नाही."

त्यांनी कानस पुढे केली. मी ती घेऊन तिथेच, त्यांच्या खुर्चीजवळ, खाली बसले आणि खरवडायला लागले.